तेरस, चौदस, पुनव : हॅवलॉकच्या किनाऱ्यांवर

चोर्ला घाट उतरला की तीन तासांत गोवा. मग समुद्र बघायला अंदमानला कशाला, हे बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत एकूण एक माणसानं विचारलं. समोरच्या काकू तर म्हणाल्या, "तिथल्या पाण्यात मीठ वेगळं आहे काय?" आमच्याकडेही धड उत्तर नव्हतं. लेकीनं मोबाइलवर निळं पाणी बघितलं होतं, ह्यांची उद्यमबागेतल्या नोकरीतली साठलेली रजा वाया चालली होती, आणि सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचा होता. मला म्हणाल तर जिथं सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवत नाही असं कुठलंही ठिकाण चाललं असतं.

जायचं ठरलं, पण कुठल्या किनाऱ्यावर किती वेळ थांबायचं हे ठरेना. बुकिंगवाल्यानं दिलेल्या कागदावर प्रत्येक बीचला तासभर, फोटो, पुढचा बीच असा कार्यक्रम होता. ह्यांना पोहायला खोल पाणी हवं. खानापूरकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, गुडघाभर पाण्यात डुंबणं म्हणजे त्यांना अपमान वाटतो. लेकीला पाण्याखालची प्रवाळं आणि मासे बघायचे होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळं सावली, बसायला काहीतरी आणि जवळच रिक्षा एवढी त्यांची मागणी. पण त्या वेंगुर्ल्याच्या माहेरवाशीण, समुद्राच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. आणि मला गर्दी नको होती.

शुक्रवार रात्र, शनिवार

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर. शनिवार नणंदेकडे जेवण, झोप आणि पुन्हा जेवण यात गेला. आणलेला कुंदा तिच्याच घरी संपला. नणंदेनं एकच सूचना केली, "रोज हॉटेल बदलू नका." ती आम्ही पाळली आणि तिचा उपयोगही झाला.

रविवार

सकाळच्या विमानानं पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय. पाट्या बदलल्यात, रिक्षावाले मात्र अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तसंच हॅवलॉक बेटाचं. ३० डिसेंबर २०१८ ला त्याचं स्वराज द्वीप आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप झालं. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ ला इथं तिरंगा फडकवला, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं होत होती. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असतं आणि तोंडात जुनं. बेळगाव, बेळगावी, बेलगाम या तिन्ही नावांवर आयुष्य काढलेल्या आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. प्रत्येक कोठडीचं दार समोरच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतं, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये. दाराची कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत. सासूबाईंनी गजांतून हात घालून कडीपर्यंत बोटं पोचतात का ते बघितलं. नाही पोचली. सावरकर १९११ ते १९२१ इथं होते. त्यांना १९५० मध्ये आमच्या बेळगावच्या तुरुंगातही काही महिने ठेवलं होतं, हे लेकीला ठाऊक नव्हतं. संध्याकाळभर ती गप्प होती.

शहराजवळचा कॉर्बिन्स कोव्ह किनारा आम्ही सोडून दिला. दमलो होतो, आणि सगळंच बघायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

सोमवार, तेरस

सकाळच्या बोटीनं दोनेक तासांत हॅवलॉक. खासगी बोटी आतून थंडगार, काचा बंद; वारा लागत नाही आणि मळमळ मात्र होते. उलटीची गोळी चढायच्या आधी घ्यावी, चढल्यावर घेऊन फार उपयोग नाही.

बेटावर गावांना नंबर आहेत. एक नंबर धक्का, तीन नंबर बाजार म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. शिवाय श्यामनगर आणि कृष्णनगरही आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात इथं वसवलं, त्यांनीच ही नावं ठेवली. सासूबाईंचं निरीक्षण, "ह्या तर सगळा गोकुळच!"

आम्ही राहिलो विजयनगरला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर. खोलीच्या मागच्या दारातून दहा पावलांवर महुआची झाडं आणि त्यांच्या खालीच वाळू. आपल्या जंगलातला मोहाचा महुआ तो हा नव्हे. ह्याला समुद्री महुआ म्हणतात आणि तो चिकूच्या कुळातला आहे. पान हातात घेतलं तर चिकूसारखंच जाड, चामड्यासारखं. बुंधे पाण्याकडे इतके कललेत की लोक त्यांच्यावर आडवे होऊन फोटो काढतात. भरतीचं पाणी मुळांखालची वाळू ओढून नेतं, त्यामुळं मुळं उघडी पडलीत.

सासूबाई झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी हिशेब सुरू केला. कोकणात लहान मुलालाही येतो तो : तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या तासाला पूर्ण भरती. "आज तेरस. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाक भरती." मग समोर बघून कपाळाला आठी. "आता साडेअकरा झाले. मगे पाणी इतक्या मागे गेला कसा?"

पाणी खरंच बरंच मागं गेलं होतं. खडक आणि मेलेली प्रवाळं उघडी पडायला लागली होती. बोट दुरुस्त करत बसलेल्या एका पोराला लेकीनं विचारलं, तर तो म्हणाला, "साडेआठ बजे फुल था. अब तीन बजे तक उतरेगा, माँजी."

माहेरच्या गणिताला असं कुणी खोटं पाडलेलं सासूबाईंना चालत नाही. शेवटी लेकीनं मोबाइलमध्ये बघून सोडवणूक केली. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, हॅवलॉक त्र्याण्णववर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. "आजी, तुझा चंद्रच इथं सव्वा तास आधी उगवतो." फरक बरोबर तेवढाच निघाला होता! तरी हा हिशेब जसाच्या तसा कुठंही लावता येईल असं नाही. भरतीची वेळ समुद्राच्या तळावर, किनाऱ्याच्या वळणावरही असते, म्हणून तर प्रत्येक बंदराचं वेगळं कोष्टक काढतात. पण रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकणं आणि पुनव-अवसेला उधाण, या दोन गोष्टी वेंगुर्ल्यात आणि इथं सारख्याच. सासूबाईंचं एवढ्यावर समाधान झालं.

आणि आमचा कार्यक्रमही त्यातूनच ठरला. बुकिंगवाल्याचा कागद ह्यांनी उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बुधवारपर्यंतच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या. सकाळी नऊ-दहाच्या आसपास भरती, दुपारी तीन-चारच्या आसपास ओहोटी. ज्या किनाऱ्यावर खडक आणि प्रवाळ जास्त तिथं सकाळी जायचं, जिथं नुसती वाळू तिथं केव्हाही.

नुसती वाळू म्हणजे राधानगर. पश्चिमेचा किनारा, धक्क्यापासून बारा किलोमीटर. 'टाइम' नियतकालिकानं २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं, तेव्हापासून सगळे तिथंच जातात. २०२० मध्ये ब्लू फ्लॅगही मिळाला, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचा मान. त्याच वेळी आपल्या होन्नावरजवळच्या कासरकोडला आणि उडुपीकडच्या पडुबिद्रीलाही मिळाला होता. कारवारला इतक्यांदा जाऊन आम्ही कासरकोडला थांबलो नाही, हे ह्यांनी वाटेत बोलून दाखवलं.

चार वाजता पोचलो. रिक्षातून उतरलं की उंचच उंच झाडांची सावली, मग एकदम उजेड आणि पांढरी वाळू. ओहोटी असूनही पाय टेकवायला खडक नाही. तळ हळूहळू उतरत जातो आणि पन्नासेक पावलांवर छातीइतकं पाणी. हे जे पाण्यात गेले ते शिट्टी वाजेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. शिट्टी मात्र लवकर वाजते. बेळगावात या दिवसांत साडेसहा वाजून गेले तरी उजेड असतो. इथं पाच पंचविसाला सूर्य बुडाला, आणि त्याच्या आधीच जीवरक्षकांनी सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. दुपारचं जेवण, झोप, चहा आणि मग किनारा, हा आपला गोव्याचा क्रम इथं चालत नाही. चहाच्या वेळेपर्यंत दिवस संपलेला असतो.

गर्दी होती. वाळू लांबच लांब, तरी सगळे प्रवेशाच्या पायवाटेसमोर गोळा झालेले. डावीकडे सरळ चालत सुटलं की पाच मिनिटांत माणसं विरळ होतात. एवढं चालायचे कष्ट कुणी घेत नाही, हे पर्यटकांचे आमच्यावर उपकारच.

मंगळवार, चौदस

आदल्या संध्याकाळी राधानगरला हुबळीकडची मंडळी भेटली होती. ह्यांचं कन्नड सुरू झालं की मग जवारी मिरचीपासून रेल्वेच्या दुपदरीकरणापर्यंत काहीही निघतं; पण त्यात एक कामाची गोष्ट हाती लागली. एलिफंट बीचला सकाळच्या पहिल्या बोटीनं जा, दहानंतर जत्रा असते. आमच्या भरतीच्या कागदावरही तेच होतं.

एलिफंट बीचला गाडीरस्ता नाही. धक्क्यावरून स्पीडबोटीनं वीसेक मिनिटं, किंवा जंगलातून पायवाट. गुडघ्यांचा प्रश्न होता, त्यामुळं बोट. एकेकाळी इथल्या जंगलात लाकूड ओढायला हत्ती होते, म्हणून हे नाव. हत्तींना बेटाबेटांत नेण्यासाठी समुद्रात पोहायला शिकवलं होतं. त्यातला राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती हॅवलॉकलाच होता. २०१६ मध्ये तो गेला. किनाऱ्यावर आडवे पडलेले पांढरे, वाळलेले मोठाले बुंधे मात्र २००४ च्या त्सुनामीची खूण.

स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडाला नळी, डोळ्यांना काच, कमरेला रबरी रिंग, आणि एक पोरगा ती रिंग धरून तुम्हाला ओढत नेतो. पोहता येत असो नसो, सगळ्यांना एकच न्याय. ह्यांना रिंग नको होती, पोरगा ऐकेना. खानापूरच्या विहिरीचा दाखला देऊन झाला. शेवटी रिंग घालूनच गेले.

मला पोहता येत नाही. तरी तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा कानात आपलाच श्वास ऐकू आला. खाली करड्या रंगाचा, मोडक्या फांद्यांचा ढीग. मला वाटलं, हेच काय ते? २०१० मध्ये पाणी तापून अंदमानातली बरीच प्रवाळं पांढरी पडून मेली, त्यानंतरही असं झालं. तो ढीग त्यातलाच असावा. पोरानं थोडं पुढं, उताराच्या कडेला नेलं. तिथं चित्र पालटलं. जांभळट टोकांच्या जिवंत फांद्या, त्यांच्यामधून एकदम वळणारा पिवळ्या माशांचा थवा, आणि पोपटासारख्या चोचीचा एक हिरवा-निळा मासा दगड खरवडताना. तो खरवडतो त्याचा करकर आवाज पाण्याखाली स्पष्ट येतो. प्रवाळाचा चुरा त्याच्या पोटातून जाऊन वाळू होऊन बाहेर पडतो, हे मी लेकीला बोटीत सांगितलं. तेव्हापासून तिनं वाळूत लोळणं बंद केलं.

साडेदहाला किनारा भरला. बनाना राइड, जेट स्की, कणसं, भेळ. सासूबाई एका बुंध्यावर बसून सगळ्यांच्या चपला राखत होत्या. त्यांचा शेरा : मासे बघायला बरा, बसायला वाईट. मला तो पटला. पाण्यात उतरणार नसाल तर एलिफंटला जाऊ नये. बसून बघण्यासारखं तिथं काही नाही.

दुपारी तीनला विजयनगर, ओहोटी. आणि हा तास सासूबाईंचा. मागं गेलेल्या पाण्यात पोहणं शक्य नव्हतं म्हणून किनारा ओस पडलेला, बहुतेक लोक राधानगरला. सासूबाईंनी पदर खोचला, लेकीचे रबरी बूट चढवले, माझा हात धरला आणि उघड्या पडलेल्या तळावर निघाल्या. माहेरी त्या ओहोटीला तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले काढायला जात, त्यामुळं पाय कुठं टाकायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. हे इकडून तिकडून "आई, सांभाळून," आणि त्या, "तू सांभाळ, माका शिकवू नको."

खडकांमधल्या डबक्यांत काळी, बोटभर ते वीतभर समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा जीव, निवांत पडलेली. एका डबक्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान निळा मासा अडकलेला, पाणी परत येईपर्यंत गोल गोल फिरत. वाळूच्या पट्ट्यावर शंख पाठीवर घेऊन चालणाऱ्या खेकड्यांची रांग, आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर शंखाच्या जागी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण. लेक खाली बसून बराच वेळ बघत राहिली. झाकण त्याला नीट बसत नव्हतं, मागचा मऊ भाग बाहेर येत होता. तिनं जवळचा एक रिकामा शंख उचलून त्याच्या वाटेत ठेवला. तो शंखाला वळसा घालून झाकणासकट पुढं गेला.

संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावल्या. सँडफ्लाय म्हणतात त्यांना. चावलेलं त्या वेळी कळत नाही, रात्री खाज सुटते. सासूबाईंनी पायांना खोबरेल तेल चोपडलं होतं, त्या एकट्या वाचल्या.

बुधवार, पुनव

पहाटे काळापत्थर. विजयनगरहून पुढं तोच रस्ता जातो, समुद्र डाव्या हाताला. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. वेंगुर्ला म्हणा, कारवार म्हणा, कळंगुट म्हणा, समुद्र कायम पश्चिमेला. पाण्यातून सूर्य वर येताना बघितला की दिशा चुकल्यासारखं वाटत राहतं. पावणेसहाला तो आला. काळे खडक आणि त्यांच्यामध्ये चिंचोळी वाळू, किनारा तेवढाच. भरती चढली की वाळू आणखी आक्रसते. पोहायला जागा नाही. रस्त्याकडेला शहाळी छान मिळतात. अर्धा-पाऊण तास पुरे.

मग न्याहारी करून पुन्हा राधानगर, आणि या वेळी दुपारपर्यंत. मला विचाराल तर हॅवलॉकमधला सगळ्यात चांगला वेळ हाच. सूर्यास्ताच्या गर्दीला अजून अवकाश, पहाटे निघालेले अजून एलिफंटला, आणि दहाच्या भरतीनं पाणी झाडांच्या बरंच जवळ आलेलं. लाटा लहान. माझ्यासारख्या न पोहणाऱ्या बाईनं कमरेइतक्या पाण्यात बसावं आणि लाटेनं उचलून पुन्हा तिथंच ठेवावं, एवढं निर्धास्त. सासूबाई झाडाखालच्या बाकावर. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होतीच. किनाऱ्यावर खाऊ नये अशी पाटी असल्यामुळं बाहेर ढाब्यापाशी जाऊन खाल्ले. तिथल्या बंगाली मालकिणीनं चटणी चाखली आणि कागदावर थोडी बांधून मागितली.

राधानगरच्या उजव्या टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडीसारखी जागा आहे, पाणी अगदी शांत आणि हिरवंनिळं. फोटोत तीच सगळ्यात सुंदर दिसते. आम्ही गेलो नाही. २०१० मध्ये त्याच बाजूला खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं एका परदेशी पर्यटक बाईचा जीव घेतला. मगरीच्या सूचना देणारे फलक बेटावर जागोजागी आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत. लेक थोडी रुसली. मी म्हटलं, पाणी शांत आहे म्हणूनच नको.

संध्याकाळी घरात फूट पडली. पुनवेला सूर्य बुडतो त्याच सुमाराला चंद्र उगवतो. सूर्य बघायचा तर पश्चिमेला राधानगर, चंद्र बघायचा तर पूर्वेला विजयनगर; दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. बाप-लेक स्कूटर घेऊन राधानगरला गेले. मी आणि सासूबाई खोलीमागच्या खुर्च्यांवर. सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान ओहोटीनं ओल्या राहिलेल्या तळावर आधी नारिंगी पट्टा आला, मग चंद्र. सासूबाईंनी हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "आज पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यातून सव्वा तास वजा. धाक भरती, बघ." रात्री दहाला त्यांनी मला उठवून दार उघडायला लावलं. पाणी महुआच्या मुळांना लागलं होतं. उधाणाचं, त्यामुळं आदल्या रात्रीपेक्षाही वर.

राधानगरहून आलेल्यांना सूर्य ढगात गेल्यामुळं दिसला नव्हता. त्यावर कुणीही काही बोलायचं नाही असं ठरलं.

गुरुवार

बोटीनं तासाभरात नील. हॅवलॉकला कृष्णाची नावं, इथं रामाची : रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. अंदमानला भाजी पुरवणारं बेट हेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, दोडकी, भेंडी, केळी. ह्यांनी रिक्षा थांबवून वांग्याचा भाव विचारला. बेळगावचा माणूस कुठंही गेला तरी वांग्याशिवाय त्याचं चालत नाही.

भरतपूर धक्क्याला लागूनच. उथळ, अतिशय निळं पाणी. भरतीला लहान मुलांसाठी उत्तम. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरत चाललं होतं आणि प्रवाळं पायाला लागत होती. ह्यांनी पाच मिनिटांत कंटाळून टॉवेल गुंडाळला. काचेच्या तळाची बोट मिळते, सासूबाई तीत बसून आल्या आणि खूश झाल्या. एलिफंटला राहिलेले मासे त्यांना कोरड्या साडीत बघायला मिळाले.

दुपारी चारला लक्ष्मणपूर दोन नंबर. इथल्या खडकांच्या नैसर्गिक कमानीला बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटी नसेल तर तिथवर जाताच येत नाही; भरतीला आलेली माणसं शहाळं पिऊन परत जातात. आम्हाला नेमकी ओहोटी सापडली. वाट शेवाळी दगडांची, गुडघेवाल्यांसाठी अजिबात नाही. सासूबाई वरच लिंबूसरबताच्या टपरीवर बसल्या. कमान मोठी आहे, पण मला तिच्यापेक्षा तिच्या वाटेवरची डबकी आवडली. वाटाड्या पोरानं एका खडकाच्या खाचेत शिंपल्याचे निळसर, नक्षीदार ओठ दाखवले. त्याच्यावर हाताची सावली पडली आणि ते मिटले.

शुक्रवार

सीतापूरला पहाटे सूर्योदय बघितला. काळापत्थरपेक्षा जागा मोठी, माणसं कमी. दोन्हींपैकी एकच पहाटे उठणं जमणार असेल तर सीतापूरला उठावं. मग बोट, पोर्ट ब्लेअर, रात्री आवराआवर.

सामानात शंख किंवा प्रवाळ असेल तर आत्ताच बाहेर काढा, असं हॉटेलवाल्यानं आधीच बजावलं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. लेकीची पिशवी रिकामी निघाली. सासूबाईंच्या बटव्यातून मात्र पांढऱ्या प्रवाळाचे तीन तुकडे निघाले. "वेंगुर्ल्यात कोण इचारता?" म्हणाल्या. शेवटी हे रिक्षा करून जवळच्या किनाऱ्यावर गेले आणि तुकडे पाण्यात टाकून आले.

नणंदेचा फोन आला, तिच्या शेजाऱ्यांना मे महिन्यात जायचंय, काय सांगू? मेमध्ये जाऊ नका म्हणावं, त्याच महिन्यात पाऊस सुरू होतो, राधानगरच्या लाटा तेव्हा पोहण्यासारख्या नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत जा. हॅवलॉकला मुक्काम जास्त, नीलला एक रात्र तरी. बीचची यादी करायच्या आधी पंचांग बघा. ह्यांनी तेवढ्यात फोन ओढून घेतला आणि एलिफंटला रिंग घालावीच लागते हे तिला खुलासेवार सांगायला सुरुवात केली.